शिंपल्या, चुना आणि पीएच : खाडीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

गणपती आटपले, आता डिसेंबरातल्या विज्ञान प्रदर्शनाचं बघायला हवं. नववीतली तिघं आज मधल्या सुट्टीत आली, दोन मुली आणि एक मुलगा, म्हणाली बाई यावर्षी ज्वालामुखी नको आणि ठिबक सिंचन पण नको, काहीतरी आपल्या खाडीचं करूया. मला एकदम बरं वाटलं. त्यातल्या एकीची आजी आणि आई दोघी ओहोटीला शिंपल्या काढायला जातात (आमच्याकडे रत्नागिरीत मुळे म्हणतात, मुंबईकडे तिसऱ्या), त्यामुळे तिला खाडी माझ्यापेक्षा जास्त कळते. मी विषय सुचवला समुद्राच्या आम्लीकरणाचा. कारखाने, गाड्या, वीजघरं यांतून जो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र ओढून घेतो, आणि तो घेतल्याने समुद्राच्या पाण्याची केमिस्ट्री बदलते, शिंपलेवाल्या जीवांना शिंपला बांधणं जड जातं. एवढंच सांगितलं. मुलगा लगेच म्हणाला मग आमची शिंपली व्हिनेगरमध्ये टाकून बघूया. टाका म्हटलं.

आजच ऑनलाईन पीएच मीटर मागवला (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), पेनसारखा असतो तो, साडेसातशे रुपये, अचूकता अधिक-उणे ०.१ असं लिहिलंय. ही ०.१ नंतर आपल्याला नडणार हे माहीत आहे पण आत्ता एवढंच बजेट आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

व्हिनेगरचा प्रयोग झाला. रिकामी शिंपली, वजन ४.८ ग्रॅम, टाकल्या टाकल्या बुडबुडे सुरू. दुसऱ्या दिवशी ३.५ ग्रॅम भरली, आज सकाळी कडा कागदासारखी पातळ, बोटाने दाबली तर तुटली. वर्ग खूश. पण मी खूश नाही, आणि का नाही ते इथे नीट लिहून ठेवते कारण सगळ्या प्रकल्पाची दिशाच यावर ठरणार आहे.

पाचवीतला एक पोरगा बघायला आला होता तो घाबरून म्हणाला, "मग समुद्रात पोहलं तर अंग भाजेल?" म्हणजे आम्ही त्याला चुकीचं शिकवलं. व्हिनेगरचा पीएच अडीचच्या आसपास, समुद्राचा ८.१. पीएचची मोजपट्टी साधी नाही, एक आकडा खाली म्हणजे हायड्रोजन आयन (पाण्याला आम्ल करणारे कण) दहापट, दोन आकडे म्हणजे शंभरपट, त्या हिशोबाने व्हिनेगर समुद्रापेक्षा काही लाख पट आम्ल आहे. समुद्र व्हिनेगर होत नाहीये, लिंबूसरबत पण होत नाहीये. यंत्रयुगाच्या आधी ८.२ होता तो आता ८.१ च्या आसपास आलाय, अजून अल्कलीच आहे आणि अल्कलीच राहणार आहे. आम्लीकरण म्हणजे त्या दिशेने सरकणं, जसं ३५ डिग्रीवरून ३२ वर आलं तर आपण गारवा आला म्हणतो, बर्फ झाला म्हणत नाही.

मग एवढ्याशा ०.१ ने काय होतं? कॅल्क्युलेटरवर १० चा ०.१ वा घात काढायला लावला. १.२६ आला. म्हणजे हायड्रोजन आयन २६ टक्के वाढलेत. तिघं गप्प झाली. व्हिनेगरवाली शिंपली मी टेबलावरून काढून कपाटात ठेवली, प्रदर्शनात ती ठेवायची नाही असं ठरवलं. मुलाला वाईट वाटलं, कारण ती दिसायला भारी होती. पण बघणाऱ्याच्या मनात जर "समुद्र म्हणजे ॲसिड" एवढंच राहणार असेल तर न ठेवलेलं बरं.

३० सप्टेंबर, सोमवार

मीटर आला. सोबत तीन पुड्या, ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या बफरच्या, म्हणजे ज्याचा पीएच पक्का माहीत असतो अशा द्रावणाच्या. पुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून मीटर त्यात बुडवायचा आणि त्या आकड्याला जुळवायचा. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, काम झालं. आता नियम केला की दर वेळी मोजायच्या आधी ६.८६ आणि ९.१८ दोन्हीत तपासायचं आणि वहीत लिहायचं, कारण मीटर सरकला आणि आपल्याला वाटलं खाडी सरकली तर सगळंच फुकट.

दुसऱ्या मुलीच्या घरी कुंपणावर गोकर्णीचा वेल आहे, तिने ओंजळभर फुलं आणली. गरम पाण्यात टाकली, गडद निळं पाणी झालं. लिंबू पिळलं की जांभळं, धुण्याचा सोडा टाकला की हिरवट. शाळेत हळदीचा कागद करतात तो इथे फार उपयोगाचा नाही कारण हळद लाल व्हायला पाणी बरंच अल्कली लागतं. मुलांना सांगितलं की समुद्रशास्त्रज्ञ सुद्धा अचूक पीएच मोजायला रंगच वापरतात, मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा, फक्त रंग डोळ्याने न बघता यंत्राने मोजतात. हे ऐकून गोकर्णीवाली अशी ताठ बसली की बस.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री अमावस्या

गांधी जयंतीची सुट्टी. सकाळी सव्वासहाला खाडीवर, मुलांचे पालक पण आले होते. गेले काही दिवस परतीचा पाऊस आहे, पाणी गढूळ. मीटर: ७.५. मग परत दुपारी साडेअकराला त्याच दगडावरून: ८.०. अर्ध्या आकड्याचा फरक, पाच तासांत!

मी तिथेच मुलांना समजावून सांगितलं, रात्रभर पाण्यातले जीव श्वास घेतात, कार्बन डायऑक्साईड सोडतात, म्हणून सकाळी पीएच कमी, आणि दिवसा शेवाळं, गवत, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती प्रकाशात तोच कार्बन डायऑक्साईड खातात म्हणून दुपारी पीएच वर. पुस्तकात आहे, बरोबर आहे, आकडेही तसेच आले. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

कालची नोंद चुकली. आकडे बरोबर, अर्थ चुकला.

संध्याकाळी त्या मुलीच्या आजीकडे गेले होते, वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवलं. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "सकाळचं पाणी सुकतीचं, दुपारचं भरतीचं. ते पाणीच वेगळं, बाई." आणि मग मला तिथी शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे मी साडेअकराला मोजलं ते समुद्रातून आत आलेलं पाणी, आणि सकाळी मोजलं ते नदीचं, पावसाचं, कांदळवनाच्या चिखलातून निथळलेलं. त्या चिखलात पानं कुजतात, तिथे कार्बन डायऑक्साईड भरपूर, आणि पावसाच्या गोड्या पाण्याला पीएच सांभाळायची ताकदच कमी. सूर्यप्रकाशाचा त्यात वाटा असेल नसेल, माझ्या दोन आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

एम.एस्सी. केलंय मी, आणि भरती-ओहोटी न बघता खाडीचं पाणी मोजलं. हे मुलांना उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि चुकलेली नोंद खोडणार नाही, तशीच ठेवणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, अष्टमी

आजींच्या हिशोबाने आठवी तिथी, पाऊणपट सहा, सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अमावस्येची ओहोटी पहाटे होती, आजची भर दुपारी. म्हणजे दोन्ही वेळा सुकतीचंच पाणी, एकदा अंधारातलं आणि एकदा उन्हातलं. अर्थात आज भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीची लहान भरती-ओहोटी, अमावस्येच्या उधाणाएवढं उतरत नाही, पण आधीपेक्षा तुलना खूपच बरी. मीटर बफरमध्ये तपासून: ७.७.

७.५ आणि ७.७. म्हणजे तो अर्धा आकडा बराचसा भरतीचा होता आणि उन्हाच्या वाट्याला जास्तीत जास्त ०.२, त्यातही मधल्या आठवड्यात पाऊस कमी झाला त्याचा हिस्सा असणारच. उन्हाचा भाग वेगळा काढायला घरी दोन बादल्या ठेवल्यात, दोन्हीत एकाच भरतीचं पाणी आणि मूठभर हिरवं शेवाळं, एक उन्हात एक काळ्या कापडाखाली. संध्याकाळी उन्हातली ८.४, झाकलेली ७.९. हे मात्र स्पष्ट आहे.

आता मुलांना मुख्य गोष्ट सांगता आली. खाडीचा पीएच दिवसात, पंधरवड्यात, ऋतूत एवढा वरखाली होतो. उघड्या समुद्रात तसं नाही. हवाईजवळ अलोहा नावाची एक जागा आहे, तिथे १९८८ पासून शास्त्रज्ञ नियमित पाणी घेतात, तिथला पीएच वर्षाला साधारण ०.००२ ने उतरतोय. आपल्या मीटरला ०.१ च्या आतलं नीट कळत नाही, म्हणजे तो उतार आपल्या मीटरला दिसायला ५० वर्षं लागतील. मुलगा म्हणाला मग आपण हे कशाला करतोय. रागाने नाही, खरंच विचारत होता. मी म्हटलं उतार मोजायला नाही, तो का होतो आणि कोणाला लागतो ते दाखवायला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता.

चुन्याची निवळी. प्रत्येक मराठी शाळेत हा प्रयोग होतो, निवळीत फुंकर मारली की दुधाळ होते, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साईड असतो हे सिद्ध झालं, वही बंद. पण पुढे फुंकत राहिलं तर काय होतं? ते बहुतेक कोणी करून बघत नाही, वेळच नसतो.

पानाच्या टपरीवरून चुना आणला. बाटलीत पाणी घालून हलवला, रात्रभर ठेवला, वरचं निवळलेलं पाणी काढलं. स्ट्रॉने फुंकायचं, चुकूनही ओढायचं नाही, डोळ्यावर चष्मे. दोन-चार फुंकरांत दूध. हे दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण, म्हणजेच जे शिंपलीत असतं तेच. आजी सांगतात त्यांच्या लहानपणी खाडीकाठी शिंपल्यांच्या भट्ट्या लागायच्या, शिंपल्या भाजून कळीचा चुना करायचे, घरं त्याच चुन्यात बांधायचे. म्हणजे शिंपली भाजली की चुना, चुना पाण्यात टाकला की निवळी, निवळीत श्वास सोडला की परत शिंपलीचाच पदार्थ. मुलांनी हे वर्तुळ फळ्यावर काढलं.

मग पुढे फुंकायला सांगितलं. तिघं आळीपाळीने वीस मिनिटं फुंकत होती, गाल दुखले, पाणी दुधाळचं दुधाळ. मीही फुंकलं. काही नाही. घरी जेवताना हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, पातळ न केलेल्या निवळीत चुना खूप असतो आणि आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साईड जेमतेम चार टक्के, तेवढ्याने एवढा सगळा कार्बोनेट विरघळणं शक्यच नाही. दुपारी परत शाळेत, एक भाग निवळी नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर. फुंकलं, हलकंसं धुकट झालं. आणखी फुंकलं, आणखी, आणि पाच-सहा मिनिटांनी ग्लासामागचा कागदावरचा काळा ठिपका स्वच्छ दिसायला लागला. पाणी नितळ! सगळी ओरडली. शिपाई काका बघायला आले काय झालं म्हणून.

हेच समुद्राचं आहे. कार्बन डायऑक्साईड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं, ते तुटून हायड्रोजन आयन सुटतो, आणि तो हायड्रोजन समोर दिसेल त्या कार्बोनेटला धरून त्याचा बायकार्बोनेट करून टाकतो. शिंपलीला, प्रवाळाला बांधकामाला कार्बोनेट हवा असतो. म्हणजे घराचं काम चालू आहे आणि गवंड्याने मळून ठेवलेला चुना कोणीतरी घमेल्याघमेल्याने उचलून नेतंय. घर कोणी पाडत नाहीये, सामानच कमी पडतंय, तेवढंच बांधायला जास्त मेहनत लागते, आणि सामान अगदीच घटलं तर उभी भिंतही विरघळायला लागते. व्हिनेगरने हे कधीच समजलं नसतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सत्र परीक्षा संपल्या. आज समुद्राचं पाणी, भरतीला खडकावरून घेतलेलं, ८.१. अर्ध्या लिटरमध्ये एका मुलीने दोन मिनिटं फुंकलं: ६.८. गोकर्णीच्या ग्लासातही रंग जांभळ्याकडे सरकला. तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घेऊन तसंच फुंकलं तर पाचच्या खाली गेलं (मीटर त्यात थरथरत राहतो, एका जागी थांबत नाही, पण पाचच्या खाली नक्की). म्हणजे समुद्राच्या पाण्यात सांभाळून घ्यायची ताकद आहे, कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे. पण सांभाळताना कार्बोनेट खर्च होतो, हे विसरायचं नाही.

नंतर त्याच फुंकलेल्या पाण्यात फिशटँकचा हवेचा पंप लावला, खिडकीबाहेरची हवा. दोन तासांत ६.८ वरून ८.० वर परत. याचा अर्थ वर जी हवा आहे तिच्याशी पाणी जुळवून घेतं. मग वर्गात एकदम कल्पना आली, प्रयोगशाळेची दारं-खिडक्या बंद केल्या, आत २८ मुलं, एक तास मी चार्ल्स कीलिंगचं शिकवलं, त्यांनी १९५८ पासून हवाईतल्या माउना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता आणि आता ४२० च्या वर आहे, यंत्रयुगाआधी २८० होता. तेवढा वेळ पंप खोलीतली हवा ताज्या भरतीच्या पाण्यात सोडत होता. तास संपला तेव्हा ८.१ चं ७.९ झालं होतं. लगेच सगळं उघडलं. कोणी पाण्यात काही टाकलं नव्हतं, कोणी फुंकलं नव्हतं, आम्ही फक्त खोलीत बसून श्वास घेत होतो.

मीटरची मर्यादा ०.१ आहे म्हणून हा प्रयोग अजून दोनदा केला पाहिजे, एकदा खोली रिकामी ठेवून.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी. (रिकाम्या खोलीचा प्रयोग मुलांनी सुट्टी लागायच्या आधी केला, ८.१ चं ८.१ च राहिलं. भरलेल्या खोलीचा दुसऱ्यांदा ७.९.)

आज अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या कालवांची गोष्ट मराठीत लिहून काढली, मुलांना प्रदर्शनात सांगायला. तिथे नेटार्ट्स नावाच्या उपसागराकाठी व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी आहे, कालवांची पिल्लं तयार करून कालवं वाढवणाऱ्यांना विकतात. २००६ ते २००८ च्या दरम्यान पिल्लं मरायला लागली, टाक्याच्या टाक्या साफ. आधी संशय जंतूंवर, व्हिब्रिओवर गेला, त्याचा बंदोबस्त केला, तरी मरतच होती. मग ॲलन बार्टन आणि ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स यांनी पाणीच तपासलं. उन्हाळ्यात तिथे किनाऱ्याला समांतर वारे सुटतात, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, कार्बन डायऑक्साईड भरलेलं पाणी वर येतं, अपवेलिंग म्हणतात त्याला. असं पाणी टाकीत भरलं की पिल्लं मरायची. २०१२ साली त्यांचा पेपर आला.

यातल्या दोन गोष्टी मला सारख्या आठवत राहतात. पहिली, कालवाचं पिल्लू अंड्यातून आल्यावर पहिल्या दोन दिवसांत आपली पहिली शिंपली बांधतं, तेव्हा त्याला खाता पण येत नाही, अंड्यातल्या शिदोरीवरच सगळं काम. ती शिंपली ॲरागोनाईटची असते, कॅल्शियम कार्बोनेटचाच प्रकार पण लवकर विरघळणारा. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर शिदोरी बांधकामातच संपते. म्हणजे मोठं कालव दिसायला ठणठणीत आणि तिकडे दोन दिवसांची बाळं जात होती. आम्ही खाडीत मोठ्या शिंपल्याच बघतो.

दुसरी, उपाय. त्यांना कळलं की उपसागरातलं पाणी सकाळी वाईट आणि दुपारी बरं असतं, पाण्यातल्या वनस्पती दिवसभर कार्बन डायऑक्साईड खातात म्हणून, तर ते दुपारी पाणी भरायला लागले. आमच्या बादल्यांनी जे दाखवलं तेच! आणि टाकीत सोडा ॲश घालायला लागले, म्हणजे आपला धुण्याचा सोडाच की, कार्बोनेट वाढवायला. पिल्लं परत जगायला लागली.

आणि जे पाणी वर येतं ते काही दशकांपूर्वी शेवटचं हवेला लागलेलं असतं. म्हणजे आज जो धूर समुद्रात उतरतोय त्याची पाळी अजून यायची आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ तशीच बसले होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीच्या ड्युटीत आठवडा गेला. आज चार्टांचं काम.

काय ठेवायचं आणि काय काढायचं यावर मुलांशी बरीच चर्चा झाली. मुलाने एक छान चित्र काढलं होतं, क्लाऊनफिश शिकाऱ्याकडे चाललाय, कारण आम्ल पाण्यात त्याला वास कळत नाही, आधीच्या एका अभ्यासावरून. पण २०२० मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी प्रवाळातल्या माशांवर तसलेच प्रयोग मोठ्या संख्येने केले तेव्हा तसा परिणाम दिसलाच नाही. चित्र काढून टाकलं. त्याऐवजी इटलीतल्या इस्किया बेटाचं घेतलं, तिथे समुद्राच्या तळातून ज्वालामुखीतला कार्बन डायऑक्साईड बुडबुड्यांनी बाहेर येतो, २००८ साली जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बुडबुड्यांच्या जवळ जावं तसे शिंपलेवाले, चुन्याचे जीव नाहीसे होतात आणि समुद्री गवत मात्र जोमात वाढतं. हे महत्त्वाचं वाटतं मला, समुद्र मरत नाही, बदलतो, कोणी राहतं कोणी जातं. गवत राहील, आजींच्या शिंपल्या राहतील का हा प्रश्न आहे.

दुसरा चार्ट ग्रेट बॅरिअर रीफचा. २०१६ मध्ये छापलेला अभ्यास, प्रवाळाच्या एका उथळ भागावर पाणी थोडं अल्कली करून यंत्रयुगाआधीसारखं केलं तर प्रवाळाची चुना बांधायची गती साधारण ७ टक्के वाढली. म्हणजे तेवढी गती आपण आधीच कमी केलेली आहे, हे उलट्या बाजूने दाखवलं. आपल्याकडे प्रवाळ कुठे असं विचारणारे येतील म्हणून त्याच्या खाली मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं प्रवाळ आणि किनाऱ्यापासून लांब भर समुद्रातल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या उंचवट्याचं नाव नकाशावर टाकलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आपल्या समुद्राचं वेगळं पान केलं. अपवेलिंग आपल्याकडेही होतं, पावसाळ्यात. वरून नदीचं, पावसाचं हलकं पाणी आणि त्याच्या खाली खोलातून चढलेलं थंड पाणी, ज्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त. ऑक्सिजन जिथे वापरून संपतो तिथे कार्बन डायऑक्साईड तयार होतोच, दोन्ही एकाच हिशोबाच्या दोन बाजू. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, तिथले लोक कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं हे मोजतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर खालच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ संपतो. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या जीवांना कमी पीएचची सवय आहे असं कोणी म्हणेल. म्हणू शकतं. पण आधीच उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला आणखी एक धक्का म्हणजे काय ते पण समजून घ्यायला हवं, आणि त्यात वरून समुद्र तापतोय.

आजींना विचारलं पूर्वीपेक्षा शिंपल्या कमी झाल्या का. म्हणाल्या झाल्या, पण वाळू काढतात, गटाराचं पाणी येतं, काढणारे वाढलेत. आम्लीकरणाचं नाव त्यावर चिकटवायचं नाही असं मुलीने स्वतःहून वहीत लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

७ डिसेंबर, शनिवार

रंगीत तालीम. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "हॅचरीत सोडा टाकला तसा समुद्रात टाकता नाही का येणार?" तिघं एकमेकांकडे बघायला लागली. मग बसून हिशोब केला. समुद्र वर्षाला साधारण १००० कोटी टन कार्बन डायऑक्साईड घेतो. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साईडला १०६ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे जवळजवळ २४०० कोटी टन सोडा, दर वर्षी. सगळ्या जगात वर्षाला सोडा ॲश बनतो सहा कोटी टनांच्या आसपास. आणि तो बनवताना धूर निघतो तो वेगळाच. हा हिशोब आता प्रदर्शनात फळ्यावर करून दाखवणार आहोत, सहावीतली मुलगीच प्रश्न विचारेल. टाकी वाचवता येते, समुद्राला धूर कमी करण्याशिवाय दुसरं औषध नाही, आणि धूर तसाच वाढत राहिला तर या शतकाच्या शेवटापर्यंत पीएच आणखी ०.३ ने उतरेल असा अंदाज आहे. १० चा ०.३ वा घात म्हणजे दोन. दुप्पट.

१३ डिसेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झालं. नंबर आला नाही. परीक्षकांपैकी एकांनी मॉडेल कुठे आहे विचारलं, फिरणारं, लाईट लागणारं. आमच्याकडे पातळ निवळी, स्ट्रॉ, गोकर्णीचे ग्लास आणि वही. मुलं हिरमुसली होती, मला पण लागलं, खोटं कशाला बोलू. पण पातळ निवळीसमोर दिवसभर गर्दी होती, शिक्षक सुद्धा फुंकत होते, काळा ठिपका दिसला की थांबून विचारत होते का झालं. एका काकांनी विचारलं, मग शिंपल्या खायच्या की नाही? मुलगी म्हणाली, "खायच्या काका, विष नाहीये ते. पण बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल ती परत टाकायची."

आणि चुकलेली २ ऑक्टोबरची नोंद तिने उघडून ठेवली होती, शेजारी आजींची पाऊणपट.

२२ डिसेंबर, रविवार, अष्टमी

दुपारी बाराची ओहोटी. आता पाणी स्वच्छ, पावसाचा मागमूस नाही, चव पण खारट. बफर ६.८६ बरोबर, ९.१८ ला ९.२ दाखवला. खाडी: ७.९. ऑक्टोबरच्या अष्टमीला ७.७ होता.

आजची नोंद मुलीने लिहिली आहे, मी फक्त उतरवून घेतेय. मोजणं दर अष्टमीला चालू ठेवायचं, पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल तेव्हा सातवीतल्या दोघांना शिकवायचं. आजी पाण्यात होत्या. त्यांनी मूठभर वाळू आणून आमच्यापुढे उघडली, आत नखाएवढ्या अकरा शिंपल्या, पारदर्शक वाटाव्यात अशा. मोजल्या आणि जिथून काढल्या तिथेच परत पुरल्या.